दोन निम्म्या रमाबाई

पंडिता रमाबाईंचं चरित्र मराठीत दोन ठिकाणी मिळतं आणि दोन्हीकडे ते निम्मंच असतं. शाळा-कॉलेजच्या पुस्तकात आर्य महिला समाज, शारदा सदन आणि मुक्ती सदन अशी तीन नावं, त्यांच्यापुढे सनावळ्या, की संपलं. चर्चच्या पुस्तिकांत ही बाई जणू १८८३ सालीच जन्माला येते, इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून. पहिल्या ठिकाणी धर्मांतर अर्ध्या वाक्यात उरकतात, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या आधीची पंचवीस वर्षं. मी नगरला जन्मभर इतिहास शिकवला आणि दर रविवारी चर्चच्या बाकावर बसले, त्यामुळे या दोन्ही रमाबाई मला तोंडपाठ होत्या. त्या दोघी म्हणजे एकच बाई हे कागदपत्रांनिशी मांडायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. ते काम ज्यांनी केलं त्यांत मोठा वाटा मीरा कोसंबी यांचा. हा लेख त्यांच्या त्या कामाबद्दल आहे.

आधी ही फाटाफूट झाली कशी, ते पाहू. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला. पुढे त्या आईनेच मुलीला शिकवलं. पुराणं सांगत सगळं कुटुंब देशभर पायपीट करायचं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात १८७४ च्या सुमारास आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडं, श्रीनिवास आणि रमा, चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. मग भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं. दोन वर्षांच्या आत तेही पटकीने गेले. मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या.

पुण्याने त्यांना डोक्यावर घेतलं. आर्य महिला समाज निघाला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष झाली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक छापून आलं. त्या पुस्तकाच्या कमाईवर रमाबाई विलायतेला निघाल्या. वैद्यकी शिकायचा बेत होता, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो फिसकटला. त्यांची सोय केली होती वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींनी. या भगिनींचं काम पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चालायचं. पुण्याला पंचहौद आठवतो तो १८९० मध्ये रानडे-टिळकांनी तिथे चहा घेतला आणि ग्रामण्य (बहिष्काराचा वाद) झालं त्यामुळे. रमाबाईंचा इंग्लंडचा रस्ता त्याआधी सात वर्षं याच आवारातून गेला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मग जे व्हायचं ते झालं. जिच्या संस्कृतचं पुण्याला केवढं कौतुक होतं, तीच बाई आता ‘बाटली’ ठरली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. इंग्लंडहून पुढे अमेरिकेला जाऊन, तिथे निधी जमवून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ, त्यांनी शारदा सदन काढलं. ते उच्चवर्णीय विधवांसाठी होतं आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं होतं. सल्लागार म्हणून रानडे, भांडारकर असे मोठे लोक होते. पुढल्याच वर्षी सदन पुण्याला हललं. तिथल्या काही मुली बाईंच्या खासगी प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने रान उठवलं आणि १८९३ साली सल्लागारांनी जाहीरपणे अंग काढून घेतलं. बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. तिथून पुढे रमाबाईंची दोन दप्तरं झाली. सुधारकांच्या दप्तरात त्यांची नोंद १८९३ ला थांबते. मिशनच्या दप्तरात तीच नोंद पुढे फुगत जाते.

चरित्रंही याच दोन वाटांनी आली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. चार वर्षांनी निकोल मॅक्निकोल यांचं इंग्रजी चरित्र निघालं. लेखक मिशनरी, सूर भक्तीचा. मराठीत १९६० साली देवदत्त नारायण टिळक यांनी ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ लिहिलं. देवदत्त हे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाईंचे चिरंजीव. म्हणजे महाराष्ट्राला रमाबाईंची ओळख करून देणारं मुख्य मराठी पुस्तकही ख्रिस्ती घरातूनच आलं. त्यात खूप माहिती आहे आणि माझ्या घरचं त्याचं पुस्तक हाताळून हाताळून खिळखिळं झालं आहे. पण ख्रिस्ती घराबाहेरचा माणूस ते किती वाचायचा याची मला शंका आहे. माझ्या विद्यार्थ्यांत तरी ते वाचलेलं कोणी भेटलं नाही.

खरी ठिणगी पडली १९७७ साली आणि ती पाडणारा माणूस कुठल्याच धर्माचा कैवारी नव्हता. अ. भि. शहा हे धर्मनिरपेक्षतेच्या चळवळीतले विचारवंत. त्यांनी रमाबाईंचा पत्रव्यवहार संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो इंग्रजीत छापला. ही पत्रं जपून, क्रमाने लावून ठेवली होती वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी. त्या रमाबाईंच्या धर्ममाता. गंमत अशी, की या धर्ममातेशी रमाबाईंचं पदोपदी वाजायचं, आणि ते भांडण जगाला कळलं ते तिनेच कागद जपले म्हणून.

हा ग्रंथ मी प्रथम वाचला तेव्हा चर्चच्या पुस्तिकेतली शांत, पांढऱ्या लुगड्यातली रमाबाई डोळ्यांपुढून गेलीच. पत्रांतली बाई वाद घालते. अंडी घातलेलं पुडिंग ती खात नाही. सिस्टरना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसतो. रमाबाईंचं उत्तर असं, की माझं खाणं, माझा पेहराव, माझ्या देशाच्या रीती यांचा माझ्या विश्वासाशी काय संबंध? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत असं मठाला वाटतं. या विचारतात, मला लॅटिन येत नाही, माझ्या देशबांधवांना येत नाही, मग संस्कृत का नको? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नाही आणि तो पटल्याचा आव त्या आणत नाहीत. पुरोहितांचं एक जोखड मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसलंच दुसरं मी चढवून घेणार नाही, या आशयाचं पत्र १८८५ चं आहे. तेव्हा बाप्तिस्मा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजातला प्रसंग तर प्रत्येक वर्गात वाचून दाखवावा असा आहे. रमाबाई तिथे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवू शकत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी, लाहोरच्या आणि मुंबईच्या, हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं तिच्या देशात शोभणार नाही, पुढे तिच्या कामाला बाधा येईल, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्या डोरोथिया बील यांनी रमाबाईंची बाजू घेतली. कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत ज्या बाईने पुरुषांपुढे शास्त्रार्थ केला होता, तिला पुरुषांपुढे बोलू नको हे सांगायला इंग्लंडचं चर्च पुढे आलं. रमाबाईंनी ते ऐकून घेतलं नाही.

हे सगळं १९७७ पासून छापील होतं. तरी पुढली दहाएक वर्षं त्याचा अर्थ लावायला फारसं कोणी पुढे आलं नाही. तिथे मीरा कोसंबी येतात.

त्यांचा जन्म १९३९ चा. वडील गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी, आजोबा पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी. या घराण्यामुळे त्यांच्याकडून प्राचीन भारताची अपेक्षा कोणीही केली असती. त्यांनी धरली ती शहरं. स्टॉकहोम विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट केली ती मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या वाढीवर. वस्त्या कुठे वसल्या, कोणती जात कुठल्या पेठेत राहिली, कारखाने कुठे आले, असा तो अभ्यास. १९८६ मध्ये मुंबईच्या शंभर वर्षांवरचं त्यांचं पुस्तक आलं. नंतर त्या मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राच्या संचालक झाल्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या मराठी बायकांकडे वळल्या.

शहरांचा अभ्यास करणाऱ्याची एक सवय असते. कोण कुठे राहतो, भाडं कोण भरतं आणि नियम कोण करतं, हे तो आधी बघतो. रमाबाईंकडे पाहताना कोसंबींना ही सवय कामी आली, असं मला वाटतं. त्यांच्या लेखांत रमाबाईंच्या आध्यात्मिक अनुभवाचे फुलोरे नाहीत. विचारलेलं आहे ते असं: वाँटेजच्या मठात त्यांचा खर्च कोण करत होतं आणि त्या बदल्यात काय मागत होतं? बॉस्टनमध्ये १८८७ साली रमाबाई असोसिएशन निघाली, तिथल्या देणगीदारांच्या अटी काय होत्या? पुण्यातल्या सल्लागारांना नेमका कसला अधिकार हवा होता? उत्तरं एकाखाली एक ठेवली की दिसतं, की मठ, बिशप, देणगीदार आणि सुधारक या सगळ्यांशी रमाबाईंचा खटका एकाच मुद्द्यावर उडाला. माझ्या वतीने निर्णय तुम्ही घ्यायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

१९८८ पासून कोसंबींचे रमाबाईंवरचे निबंध ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये येऊ लागले. १९९२ च्या निबंधाने माझं शिकवणं बदललं. ख्रिस्ती धर्म, चर्च आणि वसाहतवाद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रमाबाईंनी तिघांना तीन वेगळी उत्तरं दिली, अशी त्यातली मांडणी. आज हे उघड वाटतं. तेव्हा नव्हतं. बाटणं म्हणजे साहेबाला मिळणं, हे समीकरण आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की शिकलेला माणूसही न बोलता ते धरूनच चालतो. त्याला पुराव्यानेच उत्तर द्यावं लागतं. १८८९ साली मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या बायकांत रमाबाई होत्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या इस्पितळात बायकांचे जे हाल झाले, त्याबद्दल सरकारला जाब विचारणारं पत्र रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये छापलं आणि तो प्रश्न थेट पार्लमेंटात निघाला. साहेबाला मिळालेली बाई असलं पत्र कशाला लिहील?

१९९३ साली एसएनडीटीच्याच केंद्राने कोसंबींची रमाबाईंवरची पुस्तिका काढली. हे विद्यापीठ १९१६ साली स्थापलं धोंडो केशव कर्व्यांनी. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई या आधीच्या गोदूबाई, शारदा सदनात शिकलेल्या विधवा. १८९३ साली, म्हणजे सदनावर गहजब चालू होता त्याच वर्षी, त्यांचा पुनर्विवाह झाला. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात सदनातले दिवस आहेत. कर्व्यांनी पुढे स्वतःचा आश्रम काढला तो हिंदू समाजाला चालेल अशा बेताने, आणि शारदा सदनाची झालेली गत त्यांच्या डोळ्यांसमोर होती. म्हणजे महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाच्या मुख्य धारेची एक मुळी थेट रमाबाईंच्या सदनात जाते. एका ख्रिस्ती बाईचं हे देणं त्याच विद्यापीठाच्या केंद्रातून मान्य व्हावं, हे उशिरा झालं पण योग्य ठिकाणी झालं.

कोसंबींचं सगळ्यांत टिकणारं काम निबंधांपेक्षाही संकलनाचं आहे. २००० साली रमाबाईंच्या निवडक लेखनाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्डने काढला. त्यात ‘स्त्रीधर्मनीति’ आहे, इंग्लंडच्या प्रवासाचं पत्र आहे, १८८७ चं ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ आहे, दुष्काळाचे अनुभव आहेत आणि १९०७ चं आत्मनिवेदनही आहे. ही रचनाच बोलकी आहे. १८८२ ची रमाबाई बायकांना पतिसेवेचे धडे देते, आळस सोडा म्हणते, आजच्या वाचकाला ते जड जातं. १८८७ ची रमाबाई मनुस्मृतीला समोर उभं करून उलटतपासणी घेते. १९०७ ची रमाबाई ख्रिस्ताच्या पायाशी बसलेली आहे. तिघींना एकाच बांधणीत घातल्यावर वाचकाला आपल्या सोयीची एक उचलून बाकीच्या दोघींना दाराबाहेर ठेवता येत नाही.

२००३ साली तर मजाच झाली. रमाबाईंनी अमेरिकेहून परतल्यावर ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक लिहिलं होतं, १८८९ सालचं. तिथली राज्यव्यवस्था, शाळा, बायकांच्या संघटना, काळ्या लोकांची आणि मूळ रहिवाशांची झालेली दैना, सगळं त्यात आहे. एक मराठी विधवा अमेरिकेची पाहणी करते आणि तिचे गुणदोष सांगते, असं हे पुस्तक. शंभरावर वर्षं ते कपाटात पडून होतं. मग एकाच वर्षी त्याची दोन इंग्रजी भाषांतरं निघाली. एक मीरा कोसंबींचं, भारतातल्या अभ्यासग्रंथांच्या एका प्रकाशकाकडून. दुसरं क्षितिजा गोम्स आणि फिलिप एंगब्लोम यांचं, रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांच्या संपादनाखाली, अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती प्रकाशनाकडून. एकाने स्त्रीवादी विचारवंत म्हणून रमाबाईंना पुढे आणलं, दुसऱ्याने ख्रिस्ती विदुषी म्हणून. दोन दप्तरं अजून दोनच होती, पण निदान मजकूर एकच होता. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली. मूळ मराठी तोवर कोणी हातात दिलं नव्हतं, याची लाजही वाटली.

कोसंबी एकट्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. दिल्लीच्या मिरांडा हाउसमध्ये शिकवणाऱ्या उमा चक्रवर्ती यांचं ‘रीरायटिंग हिस्टरी’ १९९८ ला आलं. त्यात रमाबाईंच्या निमित्ताने पेशवाईपासूनच्या ब्राह्मणी पितृसत्तेची सगळी उतरंड उलगडलेली आहे. विधवेचं केशवपन कुठल्या सत्तेला सोयीचं होतं, जात आणि बाईचं शरीर यांची सांगड कशी घातली गेली, हे तिथे वाचावं. त्याच वर्षी गौरी विश्वनाथन यांचं धर्मांतरावरचं ‘आउटसाइड द फोल्ड’ निघालं, त्यातही रमाबाईंवर स्वतंत्र प्रकरण आहे. पद्मा अनगोळ यांनी २००५ च्या पुस्तकात एक पाऊल पुढे टाकलं आणि रमाबाईंच्या भोवतालच्या ख्रिस्ती बायकांकडे नजर वळवली. सुंदराबाई पवार, कृपाबाई सत्यनाथन यांसारख्या बायका तिथे भेटतात. कृपाबाई नगरकडच्या ब्राह्मण-ख्रिस्ती घरातल्या, खिस्त्यांच्या. त्यांनी इंग्रजीत ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या कादंबऱ्या लिहिल्या आणि १८९४ साली, पस्तिशीही गाठली नाही तोच, त्या वारल्या. आमच्या नगरमध्ये त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल?

वर्गात एक प्रश्न मला हमखास यायचा. मुलं विचारायची, “मॅडम, म्हणजे रमाबाई आपल्या की त्यांच्या?” माझं आडनाव नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सापडेल असं आहे, त्यामुळे ‘त्यांच्या’तली एक समोर उभी आहे हे मुलांच्या ध्यानात नसायचं. मी ते लगेच सांगायची नाही. आधी पुडिंगचं पत्र वाचून दाखवायची, मग प्लेगचं. तास संपेपर्यंत प्रश्न विरघळलेला असायचा. कोसंबींच्या कामाची मला झालेली मदत ही अशी, रोजच्या कामातली होती.

माझा त्यांच्याशी एक मतभेदही आहे. त्यांच्या लेखनाचा सगळा भर १८८० च्या दशकावर आहे. केडगावची शेवटची पंचवीस वर्षं येतात, पण उजेड तिथे मंद होतो. कारण समजण्याजोगं आहे. पत्रं लिहिणारी, वाद घालणारी रमाबाई इतिहासकाराला साहित्य पुरवते. प्रार्थना करणारी रमाबाई पुरवत नाही. त्यातून १९०५ साली केडगावला जे धार्मिक जागरण झालं, मुली रात्र रात्र रडत प्रार्थना करू लागल्या, त्याचं काय करायचं हे सुधारणेच्या इतिहासाला उमगत नाही.

पण केडगाव म्हणजे तेवढंच नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला जमीन होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदनात प्रामुख्याने ब्राह्मण विधवा होत्या. इथे शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, कुठल्याही जातीच्या पोरी होत्या. त्या शेती करत, विणत, दूध काढत, तेल गाळत आणि छापखाना चालवत. १८८२ साली भल्या घरच्या बायकांना नीती सांगणारी रमाबाई इथवर आली, हा बदल मला बाप्तिस्म्याहून मोठा वाटतो. तिच्या विचारांच्या इतिहासात त्याला हक्काचं प्रकरण हवं.

छापखान्याबद्दल मी थोडं घरचं सांगू शकते. माझी आजी गुजरातच्या त्याच दुष्काळात (लोक त्याला छप्पनचा म्हणत) केडगावला आली, पाच-सहा वर्षांची असेल. आईबापांची नावं तिला सांगता यायची नाहीत. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली आणि छापखान्यात खिळे जुळवायला बसली. रमाबाई तेव्हा बायबलचं हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला वाचून कळावं म्हणून. जुळवणी, छपाई, बांधणी सगळं बायकांच्या हातचं. देवनागरीची जुळणी म्हणजे किचकट काम. अक्षराच्या वर रफार, अनुस्वार, खाली उकार, एकेक तुकडा वेगळा बसवायचा. खिळे उलटे असतात, ओळ उलटी वाचावी लागते. म्हातारपणीही आजी समोर बसलेल्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र आपल्या बाजूने, डोकं खाली पाय वर अशा अक्षरांत, सरळ वाचून दाखवायची आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. प्रुफात चूक राहिली तर बाई ओरडायच्या नाहीत, नुसतं बोट ठेवायच्या, असं ती सांगायची. रमाबाईंनी शेवटची प्रुफं मृत्यूच्या थोडं आधी हातावेगळी केली आणि १९२४ साली बायबल छापून बाहेर पडलं.

ही आजी कोसंबींच्या पुस्तकांत नाही आणि असण्याचा प्रश्नही नव्हता. तिने पत्रं लिहिली नाहीत, तिला कोणी लिहिली नाहीत. पण मुळापासून स्वतःच्या हिमतीवर बायबलचं भाषांतर करणारी बाई आणि ते जुळवणाऱ्या दुष्काळातल्या पोरी, ही जोडी मराठी मुद्रणाच्या इतिहासातही येत नाही आणि स्त्रियांच्या इतिहासातही ओझरतीच येते. पुढल्या अभ्यासकाने हात घालावा असं काम इथे आहे.

मीरा कोसंबी २०१५ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. शेवटच्या वर्षांत त्यांनी लेखिका काशीबाई कानिटकरांवर लिहिलं, मराठी कादंबरीतल्या स्त्रीचित्रणावर लिहिलं, आजोबांचं ‘निवेदन’ इंग्रजीत आणलं, मराठी रंगभूमी आणि सिनेमावर ग्रंथ केला. रमाबाईंचं चरित्र आणि लेखन एकत्र देणारं त्यांचं पुस्तक २०१६ ला, त्यांच्या पश्चात आलं. डॉ. आनंदीबाई जोशींवरचं पुस्तक तर २०२० ला, सहकाऱ्यांनी हस्तलिखितावरून सिद्ध करून काढलं. आजोबांनी आपल्या विचाराने बुद्धाचा रस्ता धरला, त्या घरातल्या नातीला आपल्या विचाराने ख्रिस्ताकडे गेलेल्या बाईचं वागणं कळलं. धर्म बदलणारा माणूस भुललेला किंवा विकला गेलेलाच असतो असं त्यांनी कुठे धरलं नाही. चर्चच्या माणसांनाही त्यांनी सूट दिली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासकाच्या हातून होणं अवघड असतं.

माझा निकाल एवढाच, की रमाबाई अखेर पुऱ्या झाल्या, पण इंग्रजीत. मराठीत त्या अजून निम्म्याच आहेत. मीरा कोसंबींचे निबंध एकत्र मराठीत यायला हवेत. १९७७ चा पत्रसंग्रहही मराठीत यायला हवा, तो तर सरकारी मंडळाचाच आहे. ही प्रकाशकांची आणि विद्यापीठांची कामं झाली.

आपलं काम वेगळं. नगर, संगमनेर, जालना, सोलापूर, वसई, केडगाव, पंचहौद, जिथे जिथे ख्रिस्ती वस्ती आहे, तिथल्या घरांतून आणि चर्चच्या कपाटांतून बाप्तिस्म्याच्या वह्या, शाळेचे दाखले, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक, घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायबल-बायकांच्या कामाचे अहवाल पडून आहेत. एका चर्चमध्ये जुन्या वह्यांचा गठ्ठा वाळवीने खाल्लेला मी डोळ्यांनी पाहिला. तिथल्या कारभाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यात ‘महत्त्वाचं कोणी’ नव्हतं. अशी वही तुमच्याकडे असेल तर रद्दीत घालू नका. तिची पानं मोबाइलवर नीट टिपून ठेवा, जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या शिक्षकाला दाखवा, आणि घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर हे होईल.